तसूभर

रिचलंडच्या उत्तरेला, सेजच्या झुडपांच्या माळावर
चार किलोमीटरची एक नळी वायव्येला गेलेली,
दुसरी तिच्याशी काटकोन करून नैर्ऋत्येला.
आत काही नाही. हवासुद्धा नाही.
फक्त उजेड, जातो नि येतो.

शनिवारी पाहुण्यांत ऑर्व्हिल टीग होता,
एक्क्याऐंशी वर्षांचा वेल्डर.
या नळीचे सांधे त्याने जोडलेले.
उजवा हात आता कापतो, म्हणून खिशात.
मी नेहमीचंच सांगत होते :
दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत बुडाली
की इथलं अवकाश एकीकडे लांबतं, दुसरीकडे आखडतं.
तसूभर नाही हो. तसूचे तुकडे करत करत
अणूत शिरा, त्याच्या गाभ्यात शिरा,
त्याच्याही आत कुठेतरी तेवढंसं.

तो म्हणाला, "पोरी, जागाच लांबते,
तर आतला उजेडही लांबत असेल.
पट्टीच रबराची, मग मोजता काय?"

चौदा वर्षांत हे दोनदाच कुणी विचारलं,
दोन्ही वेळा मी फळ्याकडे वळले होते.
इथे फळा नव्हता. वारा होता, धूळ होती.
म्हटलं, खरंय. लाट येते तेव्हा
नळीत असलेला उजेड तिच्याबरोबर लांबतो,
नाव घेण्याइतकाही नाही, पण लाल होतो.
मात्र तो निघून जातो.
मागून नवा येतो, लेझरमधून आत्ताच सुटलेला,
कोरा.
त्याला वाट लांब पडते.
आम्ही उजेडाचं अंग मोजत नाही,
तो परत कधी आला ते बघतो.
एकाच वेळी निघालेल्या दोघांत
मागे कोण राहिलं.

"म्हणजे लोर्ना," ऑर्व्हिल म्हणाला.
"मी घरी आलो की तोंड बघायची नाही कधी.
घड्याळ बघायची.
तोंड काय, दारातच नीट करून घेता येतं."

मग काँक्रीटच्या कमानीवर त्याने तळहात टेकला,
तो कापणाराच.
"इथला सांधा दोनदा केला होता. फेब्रुवारीत."
पुढे काही बोलला नाही.

रात्रपाळीला पडद्यावर रेघा.
फिजीचा भूकंप, हमरस्त्यावरचा ट्रक,
बर्फाला चोच मारणारा डोमकावळा,
सगळे आपापल्या थरथरीवरून ओळखू येतात.
लाट आलीच तर या सगळ्यांतूनही जाईल,
कावळ्यातून, ट्रकमधून, माझ्या खुर्चीतून,
कुणाचा धक्का कुणाला न लागता.

दोन वाजून सतरा मिनिटं.
डबा झाकलेलाच आहे.