जिथे वारा नाही

ओहोटी लागली की घणसोलीच्या खाडीत
काळा चिखल उघडा पडतो.
आबा त्यात मांडीपर्यंत उतरायचे, निवट्या धरायला.
पाय उपसला की खालून वास यायचा, कुजक्या अंड्यांचा.
ते म्हणायचे, "खाली वारा नाय, पन वस्ती हाय."

बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला
मेट्रोनिडाझोल शिकवलं, तेव्हा मला तो चिखलच दिसला.
गोळी सगळीकडे जाते,
लाळेत, यकृतात, आईच्या दुधातसुद्धा.
पण जिथे प्राणवायू आहे
तिथे ती नुसती वाटसरू.
वारा नसलेल्या पेशीत शिरली
की तिथलेच इलेक्ट्रॉन तिच्या ओंजळीत पडतात,
ती जागी होते
आणि जंतूच्या डीएनएची शिवण उसवायला घेते.
म्हणजे कोयत्याला धार लावून देतो
ज्याची मान आहे तोच.
वहीच्या समासात मी लिहिलं होतं: निवटी.
त्याला मार्क नव्हते.

आता गावाच्या कमानीला लागून बारा फुटांचं दुकान.
रात्री साडेनऊला धर्माजी मढवी चिठ्ठी घेऊन आले,
गाल आत गेलेले, एक हात पोटावर.
अमिबा. तीन वेळा, सात दिवस.
मी एकवीस गोळ्या मोजल्या
आणि माझं नेहमीचं पाठांतर सुरू केलं.
जेवणानंतर घ्या. तोंडाला लोखंडाची चव येईल,
जुनं नाणं चघळल्यासारखी, घाबरू नका.
लघवी काळपट झाली तरी घाबरू नका.
पण हातापायांना मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांकडे.
घरात रक्त पातळ करायची गोळी कोण घेतं?
"आय घेतं."
मग तिचं पोट बिघडलं तर यातली तिला देऊ नका,
रक्त थांबायचं नाही.

"आनि हलद हाय गुरवारी. भाच्याची.
येक घोट चालंल ना, पोरी?"

नाही. गोळ्या चालू असेपर्यंत नाही,
संपल्यावरही तीन दिवस नाही.
उलट्या, छातीत धडधड, तोंड लालबुंद.
(याबद्दल अभ्यासकांत हल्ली वाद आहे.
ते मी सांगितलं नाही.
हळदीच्या आठवड्यात वाद कशाला विकायचा?)
त्यांनी मान डोलावली,
जशी माणसं देवळात डोलावतात.

गुरुवारी रात्री डीजेने दुकानाची काच थरथरत होती.
जुलाबाच्या सलाइनची पाकिटं रचताना
मी सहज मोजलं: आज चौथा दिवस.

रविवारी धर्माजी आले, दाढी केलेले, खुशीत.
काउंटरवर पट्टी ठेवली.
नऊ गोळ्या, चांदीच्या कागदाखाली जशाच्या तशा.
"ह्या परत घेशील का? तू बोललीस ना,
दारू आनि गोली येकत्र नको.
मंग मी गोलीला सुट्टी दिली. हलदीला कशी देनार?"

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.
वाक्य माझंच होतं.
त्यांनी फक्त ते दुसऱ्या टोकाने उचललं होतं.

पुढच्या महिन्यात उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून आले.
"तीच दे, मागची. नाव पाठ हाय मना."
लाल रेघेच्या त्या पट्टीवर माझी बोटं आपोआप गेली होती.
मी ड्रॉवर लावला.
वाशीच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला,
सोनोग्राफी करायला सांगितली,
आणि हेही की आतड्यात कोष करून बसलेल्या अमिबाला
ही गोळी नीट पोचत नाही,
त्याला दुसरी लागते, ती डॉक्टर देतील.
ते रागावले. शेजारच्या दुकानात गेले असतील, माहीत नाही.

आता मी एकवीस गोळ्या देताना
पाठांतर उलटं करते.
आधी विचारते, या आठवड्यात कुणाची हळद आहे का?
असेल, तर पाकिटावर जाड पेनाने लिहिते:
सुट्टी दारूला.

खाडीकडून वास येतो तेव्हा शटर अर्धं ओढते.
चिखलात खाली कोणीतरी जागं असणारच.