नमुना एक्केचाळीस

पहाटे चार दहा. त्र्यंबक नाक्यावर
चहावाल्याचा स्टोव्ह अजून पेटायचाय.
सिस्टर नळी माझ्या हातात देते,
"गरम आहे बघ अजून," म्हणते,
ताजा पाव द्यावा तशी.

नाळेचं रक्त.
आई वनिता भोये, वय तेवीस,
मूळची सुरगाण्याची,
हंगामापुरती जानोरीच्या पॅकहाऊसमागे.
प्रेशर एकशे सत्तर, एकशे दहा.
जोडवी साबण लावूनही निघाली नाहीत.
बाळ मुलगा. एक किलो आठशे चाळीस.

नळी फिरते. थांबते.
वर येतं फिकट, गवती चहाच्या रंगाचं पाणी.
डोळ्याला त्यात काही दिसत नाही.
मशीनला दिसतं.
कोलेस्टेरॉल अठ्ठ्याऐंशी, ट्रायग्लिसराइड शहाण्णव.
तुमच्या-माझ्या रिपोर्टात असते
तर डॉक्टरांनी पेढे मागितले असते.
याच्या वयाला, म्हणजे पंचवीस मिनिटांना,
जास्त.

मोठ्या मॅडमचा अभ्यास चाललाय:
आईचं प्रेशर चढलं
तर बाळाच्या रक्तातली चरबी हलते का, आणि कुठवर.
"आयांना काही ठाम सांगू नकोस," त्या म्हणतात,
"आपल्यालाच अजून ठाम माहीत नाही."

पण सकाळी वॉर्डात सही घ्यायला गेले
तर ती विचारतेच.
"ताई, याच्या अंगावर मांस नाही,
हाताच्या कातडीला घड्या पडल्यात,
आणि रक्तात चरबी?
ती आली कुठून?"

मला उत्तर येत नाही, म्हणून मी
उगाच पेनचं टोपण काढते, लावते.
"मी काही चुकीचं खाल्लं का?
सासू म्हणते लोणचं."
नाही, हे मात्र मी ठाम सांगते.
वार नीट रुजली नाही की होतं असं.
लोणच्याचा दोष नाही. तुझा तर नाहीच.

ती बाळाकडे बघत राहते. मग म्हणते,
"द्राक्षाचं तसंच असतं.
एप्रिलात खरड छाटणी होते ना,
नव्या काडीच्या डोळ्यात तेव्हाच घड ठरतो.
दिसत नाही कुणाला.
आभाळ भरून राहिलं, ऊन मिळालं नाही,
तर घड आतल्या आत जिरतो.
लोक ऑक्टोबरात येऊन विचारतात, काय झालं?
वेलीने सोसलेलं असतं आधीच."

मग एकदम घाबरून,
"याला रिजेक्ट लिहिलं का तुम्ही?
आमच्याकडे मशीन लावून गोडी मोजतात,
आकडा चुकला की पेटी बाजूला,
मग बेदाण्याला."

नाही गं.
रिजेक्टचा रकाना नाहीच आमच्याकडे.
फक्त लक्ष ठेवायचं.
दूध पाज, वजन करायला आण,
शाळेत जायला लागला की एकदा रक्त तपासून घे.
आणि तुझं प्रेशर तू तपासत राहा,
सुरगाण्याला गेलीस तरी.
ती मान हलवते.
सुरगाण्याला कोण तपासणार,
हे ती विचारत नाही. मीही नाही.

ड्युटी संपल्यावर जिन्यातच
पर्समधली गोळी घेते, अर्धी,
एकेचाळिसाव्या वर्षापासूनची.
मॅडमना वाटतं, टेन्शन. नाइट शिफ्ट.
मलाही तसंच वाटायचं.

सिन्नरला आईला फोन लावते.
"काय गं, एवढ्या सकाळी?"
मी झाले तेव्हा तुझे पाय सुजले होते?

पलीकडे कुकरची शिट्टी.
नळ बंद केल्याचा आवाज.
"पैंजण कापावे लागले होते," ती म्हणते.
"सोनार घरी आला होता.
का गं?"