झोइला आज बोलत नाही

लाताकुंगाच्या दवाखान्यात सकाळी
तिचे उरलेसुरले अकरा दात काढले.
डॉक्टरणीने ते स्टीलच्या वाटीत दाखवले,
मी मोजले. का मोजले, ठाऊक नाही.
परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी,
तोंडात कापसाचे बोळे, नाकापर्यंत शाल,
आणि वार गुरुवार, म्हणजे साकिसिलीचा बाजार,
जिथे तीस वर्षं तिच्या आरोळीवर बटाटे खपले.
तिच्या जागेवर आज दुसरंच कुणी ओरडत असणार.

घरी आल्यावर तिने पोट दाखवलं,
मग पातेलं दाखवलं,
मग मला.

मी, एउसेबिओ चिलुइसा,
बावीस वर्षं मळ्यात गुलाबाचे देठ कापणारा.
परक्या देशांतल्या लग्नांत मिरवले माझे गुलाब.
लोक्रो मात्र आजवर नुसतं खाल्लं,
कुठून येतं ते विचारलं नाही.

ती स्टुलावर बसली आणि हातांनी बोलू लागली.
बटाटे मी देठासारखे तिरके कापले,
तिने कपाळावर हात मारला.
चिमूट दाखवली: अर्धे इतके बारीक, हे विरघळायचे.
मूठ दाखवली: अर्धे एवढे, हे टिकायचे.
तेलात शेंदरीच्या बिया घातल्या;
तिने टिचकी वाजवली, मला ती उशिरा कळली,
बिया जळून कोळसा.
पुन्हा तेल, पुन्हा बिया, पुन्हा टिचकी,
आणि या खेपेला तेल असं लाल उतरलं
की मी शाबासकीसाठी मागे वळलो.
ती कांद्याच्या पातीकडे बोट दाखवत होती.

आमच्या या उंचीवर
पाणी लवकर उकळतं, बटाटा उशिरा शिजतो.
किनाऱ्यावरून आलेली भावजय म्हणायची,
इथली माणसंही तशीच,
खळखळाट फार, आतून कच्ची.
झोइला तिला काय उत्तर द्यायची
ते मला आज आठवेना,
आणि विचारायची सोय नव्हती.

बऱ्याच वेळाने सुरी बटाट्यात अडखळेनाशी झाली.
मग रोसाउराच्या गाईचं दूध.
झोइलाचा तळवा हवेत खाली, अजून खाली:
आच कमी कर, अजून कमी,
पोर निजवताना धरायची तसा.
बारीक फोडी केव्हाच विरून गेल्या होत्या,
रस्सा चमच्याला धरू लागला,
रंग, पावसाआधीच्या संध्याकाळच्या भिंतीचा.

राहिलं चीज.
ते तिनेच लावलेलं, मंगळवारी,
आज काय होणार हे माहीत असून.
मी चौकोन पाडायला घेतले, नेहमीसारखे,
जे वितळत नाहीत, नुसते मऊ होतात
आणि दाताखाली चुइक् चुइक् वाजतात.
लोक्रोची सगळी मजा त्या आवाजात.
सुरी तिथेच थांबली.
मी तिच्याकडे पाहिलं नाही.
किसणी शोधली. आमच्या घरात किसणी कुठे असते
हेही मला माहीत नव्हतं.

तिच्या वाटीत किसलेलं चीज, कुस्करलेला अव्होकाडो,
कोमट होईस्तोवर फुंकर.
माझ्यात उरलेले चार चौकोन.

तिने चमचा ओठांना लावला.
मिटलेल्या ओठांतून आत ओढलं, हळू,
मग मिठाच्या डब्याकडे बोट.
दुसरा चमचा. तिसरा.
चौथ्याला खांदे खाली आले.

मी माझा चौकोन तोंडात तसाच धरून बसलो,
चोरासारखा, जिभेने टाळूवर दाबत,
आवाज होऊ नये म्हणून.
तिच्या ते लक्षात आलं. तिच्या सगळंच लक्षात येतं.
तिने स्टूल जवळ ओढलं,
माझ्या जबड्यावर दोन बोटांनी टकटक केलं
आणि कान माझ्या गालाला लावला.

चाव, म्हणत होती.

मी चावलं.
चुइक्.
तिने बोट वर केलं: आणखी एकदा.