तारण

बाबा, अमोस रणपिसे, नापतौल खात्यात निरीक्षक.
छावणीपासून सराफ्यापर्यंत
ज्याच्यावर त्यांचं बोट टेकलं नाही असा तराजू नव्हता.
दांडी उचलून बघत, पासंग काढायला लावत,
पारड्याच्या तळाला चिकटवलेली चिंच
नखानं खरवडत
आणि तिथंच उभ्याउभ्या
दंडाची पावती फाडत.

देवाच्या दारी मात्र त्यांच्या मते तराजूच नव्हता.
"कृपा. निव्वळ कृपा," पोह्यांवरची शेव
चमच्यानं बाजूला सारत ते सांगत,
"कर्मं कितीही टाक पारड्यात, काटा हलायचा नाही.
नियमशास्त्र आरसा आहे, रमेदी.
आरशानं कोणी तोंड धुतं का?"

आई वसईची, तुस्कानोंची.
लग्नात तिनं आडनाव बदललं, चर्च नाही.
रविवारी दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर येत,
मग बाबा मिशनच्या मंडळीकडे, आई मिस्साला,
मी आलटून पालटून.
शुक्रवारी घरात मटण शिजत नसे.
कुमसाराला निघताना ती पापं बोटांवर मोजायची
आणि चौथ्या बोटावर अडून मलाच विचारायची,
"काल तुझ्यावर ओरडले, ते धरू का रे?"

"वाण्यासारखा हिशेब ठेवतेस," बाबा म्हणत.
"विश्वास ठेवलात, छान केलंत," आई म्हणे,
"भांडी कोण घासणार?"
बाबा उठून भांडी घासत
आणि मोरीतून ओरडून सांगत,
हे कर्म नाही बरं का,
हे विश्वासाचं फळ आहे.

भाजीवाला तोलून झाल्यावर
मूठभर मिरच्या वरून टाकी.
इकडे त्याला रूंगण म्हणतात.
"ही बघ कृपा," बाबा म्हणत. "ना तोललेली, ना मागितलेली."
"पिशवी उघडी धरावी लागते," आई म्हणे,
आणि धरी.

एका साली बाबांनी बड्या शेठचा काटा जप्त केला.
अकरा महिने निलंबित.
त्या अकरा महिन्यांत आमच्या डब्यातलं पीठ संपलं नाही.
बाबांनी विचारलं नाही कुठून येतं.
रोज रात्री डोळे मिटून आभार मानले,
बापा, तुझ्या कृपेनं.
आई आमेन म्हणायची,
जरा उशिरा.

ती गेल्यावर तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात
रमेदी माउलीच्या चित्रामागे
सराफ्यातली चिठ्ठी निघाली.
तारण: पाटल्या दोन. वजन अडतीस ग्रॅम.
सोडवल्याची तारीख कोरी.

बाबांनी चष्मा पुसला. अडतीसवर बोट ठेवलं.
"मी तपासलेलाच काटा असणार," म्हणाले.
मग बोट मागे सरकवत नेलं
त्या पहिल्या शब्दापर्यंत.
आमच्या बायबलात तो पानापानावर आहे.
बाबांनी तो हजारदा मोठ्यानं वाचला असेल.
आता नुसते ओठ हलले.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला ते माझ्याबरोबर
तिच्या चर्चला आले.
मेलेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना
त्यांनी आजवर काय काय म्हटलं होतं,
ते मला पाठ आहे. बोललो नाही.
ऑफिसात जाऊन त्यांनी विचारलं,
"मिस्साचा दर काय?"
"दर नाही," फादर म्हणाले. "जमेल ते द्या.
नाही दिलंत तरी नाव घेऊच."
"दर नाही?"
भिंतीवर कुठे पाटी आहे का, म्हणून
बाबांनी चारी बाजूंना बघितलं.

शेवटच्या बाकावर बसले. गुडघे टेकले नाहीत,
गुडघे दुखतात म्हणाले.
भाकरीच्या वेळी रांग सरकत गेली, ते जागचे हलले नाहीत.
तिचं नाव आलं तेव्हा
त्यांच्या मांडीवर आईची कापडी पिशवी होती,
रिकामी, तोंड उघडं.
मी घडी घालायला घेतली.
"राहू दे," म्हणाले.
"जाताना कोथिंबीर घ्यायची आहे."