दुसरा रिमोट

कॅसेटवर लिहिलं होतं : नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम.
आत खरे सातच.
पुढं नुसती नावं बदललेली, माणसं तीच,
आमच्या गल्लीसारखी.

त्यातला आमचा एकच. रणगाड्यांचा.
चार बाण, दोन खटके,
विटांची भिंत, भिंतीआड एक पाखरू.
ते जपायचं. बास.

बिंदू चौकामागं, बागवान गल्लीत,
इर्शादच्या घरी कांद्याच्या पोत्यांवर
आम्ही तिघं आणि रिमोट दोन.
दुसऱ्याला सुरू करायचं बटणच नव्हतं.
ज्याच्याकडं पहिला, त्यानंच दाबायचं.
जो मेला त्यानं तिसऱ्याकडं द्यायचा, हा कायदा.
सुकुमार तेवढा द्यायचा नाही :
"थांब की, अजून एक जीव हाय."

अडकलं की कॅसेट काढून फुंकायची.
इर्शादची आई म्हणायची,
"चूल फुंका म्हटलं की दम लागतो रे तुम्हाला."

लसूण सोलायचा सोडून नसीमआपा यायची,
ओढणीला हात पुसून रिमोट घ्यायची
आणि विसाव्या फेरीपर्यंत एक शब्द नाही.
खटक्यावर बोट.
नंतर दिवसभर रिमोटला लसणाचा वास,
आणि तोच रिमोट हवा म्हणून आमची मारामारी.

त्या गेमात एक होतं.
आपली गोळी आपल्याच माणसाला लागली
तर तो मरायचा नाही.
जागच्या जागी लुकलुकत राहायचा,
तोफ चालू, चाकं बंद.
तीनचार सेकंद.
मग परत निघायचा.
मी सुकुमारला मुद्दाम हाणायचो, तो मला,
आणि तिकडं पाखरू जायचं
आमच्या हसण्यात.

पुढं मोठं होण्याचं जे काय असतं ते.
उद्यमनगरात दोन लेथ, मी आणि सुकुमार भागीत.
सहा वर्षं चाललं.
मग एक बिल, एक सही,
आणि एक वाक्य,
जे मी त्याच्या वडलांसमोर बोललो.

मिरजकर तिकटीला समोरासमोर आलो
की दोघंही खिशातून मोबाईल काढायचो.
कुणाचाच वाजलेला नसायचा.
आठ वर्षं.

गेल्या महिन्यात इर्शादचा फोन : "ये."
एवढंच.
घर रंगवायला काढलेलं, माळ्यावरचं खोकं खाली.
पुराच्या वर्षी सगळ्यात आधी वर टाकलं ते हेच,
रेशनकार्डाच्याही आधी.

दारात चपला दिसल्या,
डाव्या टाचेला झिजलेल्या.
परत फिरणार होतो.
आतून इर्शाद ओरडला, "दार लाव, डास येतात."

नव्या टीव्हीला जुनी वायर बसेना.
पोराला पापाच्या तिकटीला पिटाळलं,
त्यानं जोडणी आणली, जोडली, बघितलं,
म्हणाला, "अब्बा, इतनाच?"
"इतनाच."

माझ्या हातात दुसरा रिमोट आला.
पहिला त्याच्याकडं.
पडद्यावर नुसतं नाव, किती तरी वेळ.
मी काय बोलणार,
माझ्याकडं ते बटणच नाही.

त्यानं दाबलं.

बोटांना सगळं पाठ होतं,
कुठली वीट आधी फोडायची, कुठं दबा धरायचा.
चौथ्या फेरीत माझी गोळी त्याला लागली.
देवाशप्पथ, चुकून.
तो लुकलुकायला लागला.
रंगाच्या वासात खोली गप्प.
एक.
दोन.
तीन.

"आंधळा हायस काय रं?"
सुकुमार बोलला.

पाखरू गेलं त्या फेरीला. त्याच्या पुढच्याही.
बिलाचं काय झालं विचारू नका,
ते आहे तिथंच आहे.

आतून नसीमआपा आली,
मिरजेहून रंगकामाला म्हणून आलेली,
चष्मा लागलेला, हात ओढणीला पुसत.
"सरका. मेलाय तो."

"थांब की आपा," सुकुमार म्हणाला,
रिमोट पोटाशी धरून,
"अजून एक जीव हाय."