रस, ऑम्लेटशिवाय

माझा गाडा गोलपोस्टच्या मागे, आंब्याखाली.
एकवीस वर्षं मी फुटबॉल बघतोय तो असा:
पाठमोरा गोलकीपर,
आणि त्याच्या दोन पायांमधून दिसेल
तेवढं कुडचडे.

तेव्हा तारीवाडा स्पोर्टिंग म्हणजे
अकरा पोरं आणि नऊ जोड्या बूट.
खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजले,
पोरांच्या अंगात दिवस मावेना.
पाच-पाच गोल खाऊन यायची
आणि वर रस-ऑम्लेट उधार.

त्याआधी इथे धिरयो व्हायच्या.
भात कापलं की रविवारी, पोलीस यायच्या आत.
इनास बाबचा बैल, बाबूश,
कपाळावर पांढरा ठिपका,
सहा झुंजी जिंकलेला,
सातवीला पोट फाटून पडला
आज पेनल्टीसाठी चुना टाकतात, तिथेच.
अंधार पडेपर्यंत इनास बाब
त्याच्या शिंगाला धरून बसला होता.
मी अंडी फोडत होतो.
गर्दी होती. धंदा चांगला झाला.

मग काय झालं ते नीटसं मलाही सांगता येणार नाही.
फोंडू गावकराच्या शाणूचा डावा पाय
एकाएकी कोयत्यासारखा चालू लागला.
रोझारियो, माझ्या चुलीच्या लाकडाएवढा बारीक,
गोलात उभा राहिला की गोल लहान दिसायचा.
वास्कोला जिंकले. म्हापशाला जिंकले, पावसात.
मडगावात बरोबरी, तीही शेवटच्या मिनिटाला,
आणि तेवढ्यावर वरच्या डिव्हिजनमध्ये गेले.
रात्री टेम्पोतून आले, हॉर्न दाबतच,
सावर्ड्याच्या पुलापासून.

त्याच आठवड्यात मीटिंग.
इनास बाब अध्यक्ष, पण बोलायची सवय नाही.
उठला. म्हणाला,
क्लबात यापुढे जनावराचं काही नको.
मांस नको, मासळी नको, अंडं नको.
चहातलं दूधसुद्धा नको.

कुणी हसलं.
कुणी म्हणालं, बाब, हे गोंय आहे.
श्रावण नाही, लेंट नाही, हा कुठला उपास?
शाणूने विचारलं,
म्हणजे सोमवारचा शिवराक अख्खा आठवडा?
रोझारियोची आई मासे विकते,
ती दारातूनच उलटी फिरली.
आणि कपाटातला जुना चेंडू? तो तर गाईच्या चामड्याचा.
(तो कपाटातच राहिला. त्यावर मत घेतलं नाही.)

इनास बाब एवढंच म्हणाला,
"त्या चुन्यावर पाय रोवून तुम्ही किक मारता."
आणि खाली बसला.

मला कुणीच काही सांगितलं नाही.
माझा गाडा कुंपणाबाहेर, वीतभर.
दोन रविवार मी तसाच ऑम्लेट घातलं.
तिसऱ्या रविवारी अंड्यांचा ट्रे घरीच राहिला,
विसरलो म्हणा हवं तर.
आल्साने भिजवले होते. नारळ तोच, मसाला तोच,
वर कांदा, लिंबू, गरम उंडो.
पहिल्या दिवशी निम्मा टोप परत नेला,
बायको म्हणाली, आता आपणही डिव्हिजन बदलणार वाटतं.

ते त्यामुळे जिंकतात असं मी म्हणणार नाही.
गेल्या रविवारी तीन-शून्य हरले.
घरी मी अजून बांगडा खातो, खोटं का बोलू.

पण परवा, दिवे गेल्यावर,
इनास बाब गाड्यावर आला.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
उभ्यानेच खाल्लं, उंड्याने ताट पुसून घेतलं,
मग चुन्याकडे बघत राहिला.
मी काही विचारलं नाही.
आणखी एक प्लेट भरायला वळलो
तर हात आपोआप तव्याच्या काठावर टकटक करून गेला,
रिकामाच.