महिरपी कंस

पत्र्या मारुतीपासून दोन दुकानं सोडून, वर,
पंख्यांच्या वाइंडिंगच्या वासात माझी खोली.
मी प्रबंध जुळवून देते.
मार्चमध्ये जिन्यात उभं राहायला जागा नसते,
मेमध्ये रस्त्यात कुणी ओळख देत नाही.

स्नेहांकिता जगधने पेन ड्राइव्ह घेऊन आली.
विषय : पुण्याचे बुजलेले ओढे. संदर्भ : चारशे अकरा.
गणेशखिंडीहून आलेला नियम एका ओळीचा :
आधी आडनाव, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं.
सोपं आहे, म्हणाली.
हो. इंग्रजीत.

मशीननं त्र्यंबकाचा केला त.
क्षेमाचा क.
जोडाक्षर म्हणजे त्याला वाटतं
एका बाकावर दाटीनं बसलेली अनोळखी माणसं,
पहिल्याला उठवलं की झालं काम.
रात्री दीडपर्यंत स्टाइलची फाइल उघडून
मी त्याला समजावत होते :
त्र्यं हा एकच आहे रे,
अनुस्वाराची टोपी घालून उभा.

शेवटी ऐकलं.
मग श्रीपाद ओगल्यांचा झाला श्री.
बरोबर होतं, आणि तरीही
सगळ्या यादीत ते एकटेच आदरार्थी.
राहू दिलं. वारले असतील आता.

एकोणसत्तरच्या लेखाखाली मृदुला वामन आपटीकर.
त्र्याहत्तरपासून मृदुला सदानंद घैसास.
तोच नागझरीचा उतार, तीच मोजमापं,
पावसाबद्दल लिहितानाचा तोच तिरकस स्वभाव.
यादीत मात्र दोन बायका, एक आ-मध्ये, एक घ-मध्ये.
मधे काय झालं ते पत्रिकेत छापलं गेलं असणार,
पण त्या पत्रिकेला अंक नसतो, खंड नसतो.
मी दोघींना एका खुणेनं बांधलं,
आणि आज्ञा लिहिली :
तीच व्यक्ती पुन्हा आली तर नावाजागी लांब रेघ.
आज्ञेनं तंतोतंत ऐकलं.
आपटीकर रेघेत गेली.
मी ती आज्ञा खोडली, चहा केला,
दोन्ही नावं पूर्ण छापली.

या प्रणालीत पहिल्या नावाला म्हणतात गिव्हन, दिलेलं.
आडनावाला म्हणतात फॅमिली.
आपल्या मधल्या नावाला रकानाच नाही,
बाप असो की नवरा,
तो गिव्हनमध्येच पाय आखडून बसतो.

आणि मग रात्री फोन.
ताई, एकीला आडनावच नाहीये.
सायक्लोस्टाइल केलेलं सोळा पानी पत्रक,
एकोणऐंशी सालचं, कासेवाडीतून काढलेलं,
नाला कुठे वळवला आणि पाणी कुणाच्या घरात शिरलं.
खाली फक्त सोजर.
शोधलं नाहीस का?
शोधलं. लोकांना माहीत आहे.
पण तिनंच टाकलेलं ते.
म्हणायची, आडनाव सांगितलं
की पुढचं कुणी ऐकत नाही.

मशीन अडलं नाही. मशीन कधीच अडत नाही.
कुणाला फॅमिली नसेल तर
जे काही दिलेलं आहे त्यालाच फॅमिली मानतं.
पण मला ते तसं नको होतं, नुसतं सवयीनं.
एक महिरपी कंस प्रत्येक नावाला असतोच.
सोजरला मी आत आणखी एक घातला.
त्याचा अर्थ एवढाच :
हे फोडू नये, उलटवू नये, आखडू नये.
हे एवढंच आहे आणि पुरतं आहे.

अकारविल्हे लागली तेव्हा
ती सहस्रबुद्ध्यांच्या खाली आणि सोमणांच्या वर आली.
मला उगाच हसू आलं, एकटीलाच.
कंस छापात दिसत नाहीत.

जूनमध्ये स्नेहांकिता परीक्षकांची प्रत घेऊन आली.
तीनशे बाराव्या पानावर
लाल पेनानं सोजरभोवती गोल,
समासात : आडनाव?
दुरुस्त करायचं का, तिनं विचारलं.

मी पान उजेडात धरलं.
बराच वेळ, नीट, हात न थरथरवता काढलेला गोल होता.
म्हटलं, नको.
तिसरा कंस आहे हा.
हा तरी दिसतो.